सॉल्वँग : दर्शनी भिंतीमागची भाषा

सॉल्वँग या गावाविषयी जाऊन आलेल्यांकडून ऐकायला मिळतो तो शब्द बहुधा एकच असतो : 'नकली'. कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा परगण्यात, लॉस एंजेलिसच्या वायव्येस सुमारे 200 किलोमीटरवर, जेमतेम 6,000 वस्तीचे हे गाव. उन्हाने पिवळ्या पडलेल्या टेकड्या, ओकची विखुरलेली झाडे, द्राक्षमळे, आणि या सगळ्याच्या मध्येच भिंतींवर लाकडी पट्ट्या मारलेले, उतरत्या छपरांचे, उत्तर युरोपातून उचलून आणल्यासारखे एक नगर. चार पवनचक्क्या आहेत, त्यांत दाणा दळला जात नाही. छपरांवर करकोचे आहेत, ते उडत नाहीत. कोपनहेगनच्या बंदरातली एड्वर्ड एरिक्सनची 1913 ची जलपरी येथे निम्म्या आकारात बसली आहे आणि त्याच शहरातला सतराव्या शतकातला गोल मनोरा एकतृतीयांश होऊन उभा आहे. 2024 च्या जूनअखेरीस बृहन्महाराष्ट्र मंडळाचे अधिवेशन सॅन होजे येथे झाले. ते आटोपून दक्षिणेकडे येताना आम्ही येथे थांबलो, तेव्हा बरोबरच्या मंडळींना हे सारे पाहून हसू आवरेना. आम्हांला ते आले नाही. का आले नाही, याचा जरा विचार करावा म्हणून हा लेखनप्रपंच.

'नकली' म्हणताना एक गोष्ट मनाशी गृहीत धरलेली असते. पूर्वी येथे अस्सल, साधे, डॅनिश शेतकऱ्यांचे गाव असावे आणि पुढे पर्यटनाच्या धंद्याने त्याला रंगरंगोटी केली असावी, असे आपण समजून चालतो. या समजुतीचा पूर्वार्ध खरा आहे, उत्तरार्धही पुष्कळसा खरा आहे. तथापि त्या दोहोंच्या मध्ये जे घडले ते भाषेच्या अभ्यासकाने पाहण्यासारखे आहे, आणि नेमके तेच फलकांवर फारसे लिहिलेले नाही.

1911 मध्ये बेनेडिक्ट नॉर्डेन्टॉफ्ट, ग्रेगर्सन आणि हॉर्नसिल्ड या तिघा डॅनिश-अमेरिकनांच्या पुढाकाराने येथे सुमारे 9,000 एकर जमीन घेतली गेली. नॉर्डेन्टॉफ्ट हे आयोवा राज्यातल्या ग्रँड व्ह्यू महाविद्यालयाचे अध्यक्ष राहिलेले. तिघेही धर्मोपदेश आणि अध्यापन या व्यवसायांतले. म्हणजे हे गाव व्यापाऱ्यांनी किंवा सोने शोधणाऱ्यांनी नव्हे, तर मास्तरांनी वसवले, असे म्हणायला हरकत नाही. (आमच्या पेशातल्या वाचकांना एवढे तरी समाधान असू द्यावे.) मध्य अमेरिकेतल्या राज्यांत विखुरलेले डॅनिश लोक एका ठिकाणी यावेत, त्यांची भाषा, गाणी आणि उपासना टिकावी, यासाठी ही वसाहत. 'सॉल्वँग' म्हणजे उन्हाचे शेत, उन्हाचे कुरण. डेन्मार्कच्या हिवाळ्याची आठवण ज्यांच्या घराण्यात होती त्यांनाच असे नाव सुचावे.

यामागचा विचार ग्रुंटविग यांचा. धर्मोपदेशक, कवी, इतिहासचिंतक असे हे गृहस्थ (1783–1872) डेन्मार्कबाहेर फारसे वाचले जात नाहीत. तरुण शेतकऱ्यांसाठी परीक्षा नसलेली, पदवी नसलेली, व्याख्यान, सामुदायिक गायन आणि मातृभाषेतला इतिहास यांवर चालणारी शाळा असावी, ही त्यांची कल्पना. अशी पहिली 'लोकशाळा' डेन्मार्कमध्ये रोडिंग येथे 1844 मध्ये निघाली. छापील पुस्तकापेक्षा बोललेल्या, 'जिवंत' शब्दावर त्यांचा भर होता. अमेरिकेत गेलेल्या डॅनिश लोकांच्या चर्चमध्ये 1894 मध्ये याच प्रश्नावरून फूट पडली. ग्रुंटविगचे अनुयायी नाचगाण्याला आणि देशी संस्कृतीला धर्माइतकेच मानणारे, तर दुसरा पक्ष पापभीरू आणि कडक. लोकांनी त्यांना सरळ 'आनंदी डेन' आणि 'दुःखी डेन' अशी नावे देऊन टाकली. सॉल्वँग हे आनंदी डेन मंडळींचे गाव.

त्यांनी आल्या आल्या काय बांधले? पवनचक्की नव्हे. 1911 च्या नोव्हेंबरातच लोकशाळा सुरू झाली आणि 1914 मध्ये टेकाडावर तिची स्वतःची मोठी इमारत उभी राहिली. नाव 'ॲटरडॅग'. चौदाव्या शतकातल्या वाल्डेमार राजाच्या उपनावावरून घेतलेल्या या शब्दाचा अर्थ 'पुन्हा दिवस' असा लावला जातो. त्या काळातल्या गावाची छायाचित्रे पाहिली तर कोणत्याही पश्चिम अमेरिकन खेड्यासारखाच रस्ता दिसतो : सपाट दर्शनी भागाची दुकाने, धूळ, घोडागाड्या, मागाहून मोटारी. त्यात डॅनिश असे डोळ्यांना काही दिसत नाही. डॅनिश होते ते कानांना ऐकू येणारे. वर्गात, चर्चमध्ये, दुकानाच्या फळीवर, अंगणात.

मग ही लाकडी पट्ट्यांची घरे आली केव्हा? दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास आणि त्यानंतर. डेन्मार्क पाहून आलेले फर्डिनंड सोरेन्सन यांनी डॅनिश खेड्यातल्यासारखे घर आणि पवनचक्की बांधली. 1947 मध्ये 'सॅटरडे ईव्हनिंग पोस्ट' या बड्या खपाच्या साप्ताहिकात गावावर लेख आला, पाहुण्यांची रीघ लागली, आणि मग एकेक दुकान आपल्या साध्या भिंतीवर डॅनिश चेहरा चढवू लागले. याच दशकांमध्ये लोकशाळेचे मूळ कार्य थांबले होते. मुले इंग्रजी शाळेत जाऊ लागली होती, उपासनेची भाषा हळूहळू पालटत होती. 1970 मध्ये ॲटरडॅगची इमारत पाडली गेली. त्या जागी वृद्धांचे निवासस्थान आहे.

तेव्हा कालक्रम असा लागतो : जोवर लोक डॅनिश बोलत होते तोवर गाव डॅनिश दिसत नव्हते, आणि ते डॅनिश दिसू लागले तोवर बोलणारे सरत आले होते. आमच्या मते सॉल्वँगमध्ये पाहण्यासारखी गोष्ट हीच. भाषा गेल्यावर रिकाम्या झालेल्या जागी वास्तू आली. जे कानांतून गेले ते डोळ्यांसमोर उभे करण्यात आले. त्याला 'फसवणूक' म्हणणे आम्हांला पटत नाही. ज्याचे बोलणे संपले त्याची तसबीर लावतात, त्यातला हा प्रकार आहे.

भाषा गेली ती कोणाच्या आळसाने, असेही सरसकट म्हणता येत नाही. 1918 मध्ये, पहिल्या महायुद्धाच्या उन्मादात, आयोवाचे राज्यपाल हार्डिंग यांनी सार्वजनिक ठिकाणी, शाळेत, उपासनेत, इतकेच काय दूरध्वनीवरही इंग्रजीखेरीज अन्य भाषा वापरू नये असा फतवा काढला होता. रोख जर्मनवर होता, पण झळ डॅनिश, नॉर्वेजियन, चेक सर्वांना लागली. आयोवा हे तर डॅनिश-अमेरिकनांचे मुख्य केंद्र. परभाषेचा संशय घेणाऱ्या देशात लेकराला दोन भाषा द्यायला आईबाप धजत नाहीत, आणि संशय ओसरेपर्यंत एक पिढी उलटून गेलेली असते. पुढे त्याच देशाला त्याच लोकांचे पोशाख आणि पाव आवडू लागतात, कारण पोशाखाला आणि पावाला कोणी घाबरत नाही.

पावाचा विषय निघालाच आहे तर एका पदार्थाबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही. 'एबलस्कीवर' हा येथला मानाचा खाऊ. ओतीव लोखंडाच्या खळगेदार तव्यात, सुईने उलटवत, गोल गोल तळसतात. तवा पाहताच आमच्यातल्या एकीने "अहो, हे तर आप्पेपात्र!" असे म्हटले, आणि ते अक्षरशः खरे आहे. वर पिठीसाखर आणि रास्पबेरीचा मुरंबा. मौज शब्दाची आहे. डॅनिशमध्ये त्याचा अर्थ 'सफरचंदाच्या चकत्या'. पदार्थात आज बहुधा सफरचंद नसते. वस्तूतून जे निघून गेले ते नावात मुक्काम करून राहिले. शिवाय 'एबलस्कीवर' हे मुळातच अनेकवचन, पण अमेरिकन गिऱ्हाईक त्याला आणखी एक 'स' लावून अनेकवचनाचे अनेकवचन करते. दुकानातल्या वृद्ध बाईंना आम्ही विचारले तेव्हा त्यांनी आजीकडून शिकलेली ख्रिसमसची दोन गाणी त्यांना पाठ असल्याचे सांगितले. अर्थ विचारल्यावर त्या हसल्या. "सूर बरोबर लागतो," एवढेच म्हणाल्या.

हॅन्स अँडरसनच्या नावाचे एक छोटे संग्रहालयही येथे एका पुस्तकाच्या दुकानाच्या माडीवर आहे. खाली पुस्तके विकली जातात, वर ज्याची पुस्तके ती त्याचे स्मरण. मराठी मुलांना अँडरसन मिळाला तो बहुतांशी इंग्रजीतून, आणि या गावातल्या डॅनिश वंशाच्या मुलांनाही तो आज इंग्रजीतूनच मिळतो. या एका बाबतीत त्यांच्यात आणि आपल्यात काही फरक उरलेला नाही, हे लक्षात आल्यावर आम्ही काही क्षण त्या कपाटांपुढे गप्प उभे होतो.

गावाच्या पूर्व टोकाला, पवनचक्क्यांच्या दृष्टिपथातच, सांता इनेसचे स्पॅनिश मिशन आहे. (मिशनचे नाव स्पॅनिश वळणाने 'इनेस', शेजारच्या गावाचे आणि खोऱ्याचे इंग्रजी वळणाने 'इनेझ'. एकाच संत स्त्रीच्या नावाच्या दोन लेखनांत दोन राजवटी आहेत.) कॅलिफोर्नियातल्या 21 मिशनांपैकी हे एकोणिसावे. 17 सप्टेंबर 1804 रोजी फ्रान्सिस्कन धर्मगुरू एस्तेवान तापिस यांनी त्याची स्थापना केली. 1812 च्या भूकंपाने ते पाडले, पुन्हा बांधले गेले. मेक्सिकोच्या राजवटीत 1830 च्या दशकात मिशनांची मालमत्ता धर्मगुरूंच्या हातून काढून घेतल्यावर त्याला उतरती कळा लागली. डेन लोक येथे आले त्याच 1911 मध्ये या मिशनची घंटांची भिंत कोसळली, हा योगायोग आम्हांला फार बोलका वाटला. आज दिसते ती पुन्हा उभारलेली. मिशनचे आजचे रूप विसाव्या शतकातल्या जीर्णोद्धाराने घडले आहे.

म्हणजे पाहा, पवनचक्कीला नकली म्हणून हसणारा प्रवासी मिशनसमोर येऊन आदराने टोपी काढतो, पण दोन्हींवर विसाव्या शतकाचा हात फिरलेला आहे. कॅलिफोर्नियाच्या 'स्पॅनिश' गतकाळाचे बरेचसे गुलाबी चित्र हेलन हंट जॅक्सन यांच्या 'रामोना' (1884) या कादंबरीच्या लोकप्रियतेतून रंगले. आदिवासींवरच्या अन्यायाविरुद्ध लिहिलेली ही कादंबरी, पण वाचकांनी तिच्यातला अन्याय बाजूस ठेवून कमानी, घंटा आणि ओसऱ्या तेवढ्या उचलल्या. कादंबरी शिकवणाऱ्यांनी या उदाहरणाकडे अवश्य पाहावे. लेखकाचा हेतू आणि वाचकांनी घेतलेला अर्थ यांत इतके अंतर फार थोड्या ठिकाणी पडलेले आढळेल. शेजारच्या सांता बार्बराने तर 1925 च्या भूकंपानंतर आपले मध्यवर्ती रूप ठरवून स्पॅनिश करून घेतले. सॉल्वँगने पुढे डॅनिश चेहरा घेतला तो याच परगण्यात.

आणि या दोन्ही दर्शनी भिंतींच्या मागे तिसरे लोक आहेत. त्यांची ही भूमी. मिशन जेथे उभे राहिले त्या जागेला चुमॅश लोक 'आलाहुलापू' म्हणत. मिशनच्या विटा त्यांनी पाडल्या, गुरे त्यांनी राखली, भिंती त्यांनी रंगवल्या. 21 फेब्रुवारी 1824 रोजी एका चुमॅश तरुणाला येथे फटके मारले गेले, त्यावरून उठाव झाला, इमारतींना आग लागली आणि ला पुरिसिमा व सांता बार्बरा या मिशनांपर्यंत उठाव पसरला. मिशनच्या दफनभूमीत सुमारे 1,700 चुमॅश पुरलेले असल्याचे सांगितले जाते. बाग अतिशय सुंदर आहे. प्रवासी तिची छायाचित्रे घेतात.

त्यांच्या भाषेला अभ्यासकांनी नाव दिले ते मिशनवरून : 'इनेसेन्यो'. म्हणजे बोलणाऱ्यांची भाषा, पण नाव तुरुंगाच्या पत्त्यावरून. लोकांचे स्वतःचे नाव 'समाला'. ही भाषा जाणणाऱ्या मारिया सोलारेस यांच्याकडून जॉन पीबॉडी हॅरिंग्टन या झपाटलेल्या भाषाशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात हजारो टिपणे लिहून घेतली. सोलारेस 1923 मध्ये वारल्या. चुमॅश भाषाकुलातल्या कोणत्याही भाषेच्या शेवटच्या जन्मजात भाषक मेरी यी 1965 मध्ये गेल्या. हॅरिंग्टनने ती टिपणे स्वतः फारशी प्रसिद्ध केली नाहीत. रिचर्ड ॲपलगेट यांनी त्यांवरून 1972 मध्ये प्रबंधरूपाने व्याकरण सिद्ध केले, आणि 2007 मध्ये खुद्द सांता इनेझच्या चुमॅश समूहाच्या सहभागाने समाला-इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला.

या समूहाची राखीव भूमी सॉल्वँगपासून काही किलोमीटरवर आहे. तिला 1901 मध्ये मान्यता मिळाली. आकाराने ती इतकी लहान की दहा वर्षांनी डेन लोकांनी एका व्यवहारात घेतलेल्या जमिनीचा ती एक कोपराही भरणार नाही. आज तिच्यावर एक मोठा कॅसिनो आहे आणि तोच समूहाच्या उत्पन्नाचा मुख्य आधार. आमच्या सोबत्यांपैकी काहींना येथे नाक मुरडायचे होते. मुरडावे. आम्ही मात्र एवढेच नोंदवू की ज्यांच्या हाती पैसा आला त्यांनी तो खर्चताना शब्दांचीही आठवण ठेवली. दर्शनी भिंती बांधता आल्या असत्याच.

मिशनऱ्यांनी केलेल्या व्याकरणांबद्दल आपण मराठीवाल्यांनी जपून बोलावे, कारण आपला स्वतःचा व्यवहार तेथूनच सुरू होतो. मुत्सुन या दुसऱ्या एका कॅलिफोर्नियन भाषेचे व्याकरण लिहिणारे फेलिपे अरोयो दे ला क्वेस्ता हे धर्मगुरू 1840 मध्ये सांता इनेस येथेच वारले. त्यांच्या आधी 35 वर्षे, 1805 मध्ये, विल्यम केरीचे मराठी व्याकरण छापून निघाले ते श्रीरामपूरला. आणि श्रीरामपूर तेव्हा डॅनिश वसाहत होती. ईस्ट इंडिया कंपनीला मिशनरी नकोसे होते, म्हणून ते डॅनिश निशाणाच्या आश्रयाला गेले, आणि त्या निशाणाखाली वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने मराठीचे व्याकरण घडले. एम. ए. च्या वर्गात आपण 'श्रीरामपूर' हा शब्द उच्चारतो तेव्हा डेन्मार्कचे नाव सहसा घेत नाही. मराठी मुद्रणाच्या पहिल्या पानांवर अशी एक डॅनिश सावली आहे.

मराठीच्या वाट्याला आलेले व्याकरण हे जिवंत भाषेचे होते. मुत्सुनच्या व्याकरणाला 1861 मध्ये न्यूयॉर्कमध्ये छापले जाण्याचे भाग्य लाभले, तोवर बोलणारे झपाट्याने घटत होते. मिशनऱ्यांच्या पुस्तकांनी भाषा वाचल्या किंवा मेल्या, असे म्हणणे दोन्ही बाजूंनी खोटे ठरते. पुस्तक तेच करते, फरक पुस्तकाबाहेर पडतो.

आता मूळ प्रश्नाकडे यावे. अधिवेशनात आम्ही पाहिलेले भव्य होते : ढोल, लेझीम, नऊवारी, फेटे, पालखी. आम्हांला ते आवडले, हे प्रामाणिकपणे सांगतो. तथापि एका कोपऱ्यात, आठवड्यातून एकदा भरणाऱ्या मराठी शाळांतल्या शिक्षिका आपसांत बोलत होत्या. कोणाकडे यंदा पटसंख्या किती, आठवीनंतर मुले का येत नाहीत, 'ळ' कसा शिकवावा. त्या बोलण्याला ना रोषणाई होती ना श्रोते. आमच्या मते त्या अधिवेशनातले ॲटरडॅग ते होते, आणि पवनचक्क्या मांडवात होत्या.

केवळ परदेशस्थांना बोल लावणे सोपे आहे. 3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा महाविद्यालयांत रांगोळ्या निघाल्या, ग्रंथदिंड्या निघाल्या. त्याच महाविद्यालयांच्या मराठी विभागांत पदव्युत्तर वर्गाला बाके रिकामी असतात, हे आम्ही रोज पाहतो, आणि आमच्या सहकाऱ्यांची मुले कोणत्या माध्यमात शिकतात हेही जाणतो. दर्जा नको असे आमचे म्हणणे नाही. दर्शनी भिंत वाईट नसते, ती पावसापासून वाचवते. मात्र सॉल्वँगच्या कालक्रमात ती भिंत शाळा बंद पडल्यावर आली होती. आपल्याकडे दोन्ही कामे एकाच वेळी चालू आहेत, आणि त्यांतले कोणते कोणत्या वेगाने चालले आहे हे मोजणारे कोणी नाही. विद्यापीठांनी मराठीच्या विद्यार्थीसंख्येचे गेल्या 25 वर्षांचे आकडे महाविद्यालयनिहाय प्रसिद्ध करावेत, ही आमची साधी मागणी आहे. त्याला ना निधी लागतो ना मांडव.

समाला शिकणाऱ्यांना एक अडचण अशी की त्या भाषेचा उच्चार कानांनी पडताळून पाहायला जन्मजात बोलणारे कोणी उरलेले नाही. हॅरिंग्टनच्या चिन्हांकित लिपीवरून, एकेक कंठ्य स्फोट मोजत, ते बोलायला शिकतात. बेकरीतल्या बाईंचा सूर बरोबर होता आणि अर्थ गेलेला होता. येथे अर्थ कोशात आहे, आणि सूर शोधावा लागतो आहे.